दुसरी वही : कष्टकऱ्यांना हिशेब शिकवू इच्छिणाऱ्या नवोदितांसाठी मार्गदर्शक

ऊसतोडीला जाणारी, वीटभट्टीवर राबणारी किंवा आठवड्याच्या कर्जाचे हप्ते भरणारी बाई तोंडी हिशेबात सहसा चुकत नाही. आठवडी बाजारात तिला कोणी दोन रुपयांनीही फसवू शकत नाही. तिची अडचण निराळी आहे. तिच्या श्रमाची, उचलीची (कामाआधी घेतलेल्या आगाऊ रकमेची) आणि फेडीची नोंद तिच्याजवळ नसते. ती मुकादमाच्या (मजुरांची टोळी जमवणाऱ्या मध्यस्थाच्या) वहीत, सावकाराच्या चोपडीत, कर्ज देणाऱ्या कंपनीच्या संगणकात किंवा ग्रामपंचायतीच्या कपाटात असते. वाद झाला की एका बाजूला कागद असतो आणि दुसऱ्या बाजूला आठवण, आणि अशा वेळी कागदच जिंकतो. त्यामुळे सामाजिक न्यायाचे साधन म्हणून हिशेब शिकवायचा असेल, तर आपले उद्दिष्ट सुरुवातीलाच नेमके ठरवले पाहिजे : दुबळ्या बाजूच्या हाती तिची स्वतःची वही असावी आणि समोरच्याची वही उघडून पाहण्याची तिची तयारी असावी. पुढील पायऱ्या याच उद्दिष्टाकडे नेणाऱ्या आहेत. संस्थांचे नवे कार्यकर्ते, वाणिज्य शाखेचे तरुण शिक्षक आणि गावातच राहून हे काम करू पाहणारे शिकलेले मुलगे-मुली यांना समोर ठेवून त्या लिहिल्या आहेत.

या कामाला महाराष्ट्रात दीर्घ पूर्वपीठिका आहे, आणि ती शिकवणाऱ्याला माहीत असावी. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली आणि कर्जरोखे व हिशेबाच्या वह्या ताब्यात घेऊन जाळल्या. हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. बहुतेक ठिकाणी लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता, कारण आपली जमीन त्या कागदांमुळेच जाते हे त्यांना नीट कळले होते. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. त्या कायद्याने न्यायालयाला केवळ रोख्यावर विसंबून न राहता कर्जाचा मूळ व्यवहार तपासण्याचे अधिकार दिले, आणि पावती, वार्षिक हिशेब व पासबुक मागण्याचा हक्क शेतकऱ्याला दिला. हक्क मिळाला खरा, परंतु पासबुकात काय लिहिले आहे हे वाचता येणारे शेतकरी त्या काळी फारच थोडे होते. ती उणीव कायद्याने भरून निघणारी नव्हती. ते शिक्षणाचे काम होते आणि आजही बऱ्याच अंशी ते शिल्लक आहे.

पायरी पहिली : आधी वह्या शोधा

वर्ग सुरू करण्यापूर्वी ज्या वस्तीत काम करायचे आहे तेथील पैशाच्या वाटा समजून घ्याव्यात. घरोघरी लांबलचक प्रश्नावली घेऊन फिरण्याची गरज नाही. प्रत्येक घरासाठी तीन प्रश्न पुरतात : पैसा कोणाकडून येतो, कोणाकडे जातो आणि या दोन्हींची नोंद कोण ठेवते. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे एकत्र मांडली की संपूर्ण वस्तीचा हिशेब चार-पाच वह्यांत अडकलेला आहे असे बहुधा दिसून येते. मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांच्या तांड्यावर किंवा वाडीवर मुकादमाची वही, किराणा दुकानदाराची उधारीची वही, खासगी सावकार, लघुवित्त (गरिबांना छोटी कर्जे देणाऱ्या) कंपनीचे कर्ज आणि बचत गटाचे दप्तर, एवढ्यांत जवळपास सगळे येते. यांपैकी कोणत्या वहीमुळे लोकांचे सर्वाधिक नुकसान होते हे त्यांनाच विचारावे आणि त्या वहीपासून सुरुवात करावी. संस्थेच्या ठरलेल्या अभ्यासक्रमात पहिला धडा बचतीचा आहे म्हणून बचतीपासून सुरुवात केली, तर उचलीच्या ओझ्याखाली असलेल्या माणसाला तो उपदेश वाटतो, आणि पुढच्या वेळी तो येत नाही.

ज्यांच्या वहीबद्दल आपण बोलणार आहोत ती माणसे बहुधा त्याच गावातली असतात, कधी नात्यातली व कधी त्याच जातीतली असतात, आणि अडीअडचणीला पैसे देणारीही तीच असतात, हेही याच टप्प्यावर लक्षात घ्यावे. मुकादम स्वतः कारखान्याच्या किंवा वाहतूक ठेकेदाराच्या पैशावर उभा असतो आणि कामगार उचल घेऊन आलेच नाहीत तर तोही बुडतो. त्याला खलनायक ठरवून वर्ग सुरू करणे अन्यायाचे आहे आणि कामाच्या दृष्टीने घातकही आहे. ‘हिशेब दोन्हीकडे असला की भांडण कमी होते’ असे सांगितले, तर चांगले मुकादम ते मान्य करतात. जे मान्य करत नाहीत त्यांच्याबाबत पुढे कोणती तयारी लागेल, हेही तेव्हाच समजते.

पायरी दुसरी : वेळ आणि जागा लोकांच्या सोयीने ठरवा

ऊसतोड कामगारांना उचल साधारणपणे पावसाळ्यात मिळते, ते दसरा-दिवाळीच्या सुमारास घर सोडतात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे ऊस गाळपाचा हंगाम संपून मार्च-एप्रिल येईपर्यंत, परत येत नाहीत. म्हणून वर्ग उचल घेण्यापूर्वी किंवा घेतल्यावर लगेच व्हावेत, आणि तोडीच्या काळात त्यांच्या कोपीवर (मुक्कामाच्या झोपडीवर) एखादी तरी भेट व्हावी. स्त्रियांचा वर्ग रात्रीच्या जेवणानंतर किंवा दुपारच्या मोकळ्या तासात, मुलांना बरोबर आणता येईल अशा ठिकाणी असावा. समाजमंदिराची किल्ली कोणाकडे आहे हेही पाहावे, कारण ज्याच्या वहीची चर्चा करायची त्याच्याच ओसरीवर बसून कोणी मोकळेपणाने बोलत नाही. एका गटात पंधरा-वीसपेक्षा जास्त माणसे नसावीत.

पायरी तिसरी : एकच व्यवहार दोन्ही बाजूंनी लिहून दाखवा

हा संपूर्ण शिक्षणाचा गाभा आहे, म्हणून येथे घाई करू नये. पुस्तपालनाच्या पाठ्यपुस्तकात आपण दुहेरी नोंद शिकतो : प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात, घेणाऱ्याचे खाते नावे (डेबिट) आणि देणाऱ्याचे जमा (क्रेडिट). परंतु त्या पुस्तकातील जवळपास सगळी उदाहरणे दुकानदाराच्या किंवा मालकाच्या वहीतील असतात. ‘मजुरी दिली’ ही तेथे खर्चाची नोंद असते. मजुराच्या वहीत तीच रक्कम उत्पन्न असते, आणि ती वही पाठ्यपुस्तकात कोठेच नसते. वर्गात फळ्याचे दोन भाग करून डावीकडे मुकादमाची वही आणि उजवीकडे कामगाराची वही असे लिहावे, आणि प्रत्येक व्यवहार दोन्हीकडे मांडावा. मुकादमाने उचल दिली, की त्याच्या वहीत ती कामगाराच्या नावे पडते, तर कामगाराच्या वहीत मुकादमाला द्यायचे देणे म्हणून जमेस येते. ऊस तोडला, की कामगाराच्या वहीत ते देणे कमी होते. जे कामगाराच्या लक्षात राहिले पण मुकादमाने लिहिले नाही, किंवा मुकादमाने लिहिले पण कामगाराला सांगितले नाही, ते फळ्यावर रिकाम्या जागेच्या रूपाने दिसू लागते.

एका कोयत्याचे, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीचे, पुढील उदाहरण घ्यावे. यातील आकडे समजावण्यापुरते आहेत. प्रत्यक्ष दर दर वेळी कराराप्रमाणे बदलतात, म्हणून वर्गात त्या हंगामाचा चालू दर वापरावा. जोडीने १,००,००० रुपये उचल घेतली. हंगाम १२० दिवस चालला आणि दिवसाला सरासरी २ टन ऊस तोडला, म्हणजे एकूण २४० टन. तोडणीचा दर टनाला ३५० रुपये धरला तर कमाई ८४,००० रुपये झाली. हंगामात १७ आठवडे दर आठवड्याला १,००० रुपये खर्ची (घरखर्चासाठीची रक्कम) घेतली, ती १७,००० रुपये. उचल आणि खर्ची मिळून घेतलेली रक्कम १,१७,००० रुपये, फिटलेली ८४,००० रुपये, म्हणून बाकी ३३,००० रुपये.

आता समजा, पट्टा पडल्यावर मुकादमाने ४५,००० रुपये बाकी सांगितली. हा १२,००० रुपयांचा फरक कोठून आला, हे वर्गालाच शोधू द्यावे. मुकादमाच्या वहीत २४० ऐवजी २१० टन लिहिलेले आहेत. ३० टनांचे १०,५०० रुपये होतात. त्याखेरीज ३ खाडे (गैरहजेरीचे दंड) लावलेले आहेत, प्रत्येकी ५०० रुपयांचे, त्यांचे १,५०० रुपये. दोन्ही मिळून बरोबर १२,००० रुपये. हे गणित लोकांनी स्वतः सोडवले की वर्गाचे वातावरण बदलते, कारण ‘बाकी राहिली’ या एका वाक्याने संपणारी गोष्ट आता दोन स्पष्ट प्रश्नांत विभागली जाते : तीस टन कोठे गेले, आणि ते तीन दिवस कोणते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर वजनपावत्यांत मिळते. दुसऱ्याचे उत्तर बहुधा आजारपणात, बाळंतपणात, पाळीच्या दिवसांत किंवा मुलाच्या तापात असते. न भरलेल्या दिवसाची मजुरी न मिळणे ही एक गोष्ट आहे आणि वर दंड लागणे ही निराळी, हा भेद येथे शांतपणे समजावून द्यावा. मजुरी आधीच बुडालेली असताना खाड्याची रक्कम पुन्हा कापली जाते, आणि हे दुहेरी नुकसान वहीत मांडल्याशिवाय डोळ्यांना दिसत नाही.

जोडीचा हिशेब पुरुषाच्या नावे असतो आणि उचलही त्याच्याच हाती येते, यावरही याच पायरीत बोलावे. उसाच्या मोळ्या बांधून डोक्यावरून वाहणाऱ्या बाईचे नाव कोणत्याच वहीत नसते. वर्गाच्या वहीत कोयत्याच्या नोंदीवर दोघांची नावे लिहिण्याचा नियम पहिल्या दिवसापासून करावा. पुरुषांकडून यावर कधी विरोध होतो, कधी हसण्यावारी नेले जाते. तरीही नियम सोडू नये.

पायरी चौथी : रोज भरता येईल अशी नोंद तयार करा

ज्या वहीला रोज दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागतो ती दिवसभर ऊस तोडून आलेला माणूस भरत नाही. म्हणून खिशात मावणारी एक वही आणि तीत फक्त पाच रकाने पुरेत : तारीख, गाडीची खेप, टन, घेतलेली रक्कम आणि शेरा. टोळीत दहा कोयते असतील आणि गाडीचे वजन १८ टन भरले, तर प्रत्येकाच्या वाट्याला १.८ टन येतात. ही वाटणी गाडी गेल्यावर वजनपावती हाती येताच करून टाकावी, कारण हंगामाच्या शेवटी ती कोणाच्याच लक्षात राहत नाही. वजनपावतीचा फोटो टोळीतील ज्याच्याकडे फोन आहे त्याने काढून इतरांना पाठवावा. बैलगाडीवर तोडणी करणाऱ्यांनी वाढे (उसाचे हिरवे शेंडे) विकून आलेली रोख रक्कमही लिहावी. ती घरखर्चात विरघळून जाते, आणि मग खर्ची किती लागली याचा अंदाज चुकतो.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी चिन्हे ठरवून घ्यावीत, आणि ती त्यांनीच ठरवावीत. टनासाठी उभी रेघ, अर्ध्या टनासाठी आडवी, पैसे घेतले की गोल, आजाराच्या दिवशी फुली, असे काहीही चालते. अट एवढीच की टोळीतील सर्वांची चिन्हे एक असावीत, म्हणजे एकाची नोंद दुसऱ्याच्या नोंदीशी पडताळून पाहता येते. निरक्षरतेमुळे हिशेब अडत नाही, याचे उत्तम उदाहरण सातारा जिल्ह्यातील म्हसवडचे आहे. तेथील स्त्रियांनी बँक काढण्यासाठी केलेला पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला, कारण संस्थापक सभासदांतील अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या स्त्रिया अक्षरे गिरवायला बसल्या आणि पुन्हा अधिकाऱ्यांपुढे जाऊन म्हणाल्या की, कोणत्याही मुद्दलाचे व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. हा प्रसंग वर्गात सांगावा, कारण ‘आम्ही अडाणी, आम्हाला काय कळणार’ हे वाक्य पहिल्या दिवशी हमखास येते.

दर आठवड्याला एकदा टोळीने एकत्र बसून वह्या मोठ्याने वाचाव्यात. शिकवणारा तेथे असलाच पाहिजे असे नाही. मोठ्याने वाचण्यामुळे चुका दुरुस्त होतात आणि नोंद एकट्याची न राहता दहा जणांच्या साक्षीची होते, हा त्याहून महत्त्वाचा लाभ आहे.

पायरी पाचवी : व्याज एकाच मापात आणा

सावकार ‘शेकडा पाच’ म्हणतो, बँक ‘बारा टक्के’ म्हणते, आणि ऐकणाऱ्याला पाच हा आकडा बारापेक्षा लहान वाटतो. शेकडा पाच दरमहा असतात, म्हणजे वर्षाला साठ टक्के. पहिला सराव एवढाच घ्यावा : प्रत्येकाने आपल्या घरातील सगळी कर्जे सांगावीत आणि सर्वांनी मिळून ती वार्षिक दरात बदलावीत.

त्यानंतर मूळ रकमेवरील व्याज आणि उरलेल्या रकमेवरील व्याज यांतील फरक शिकवावा. २०,००० रुपयांचे कर्ज १० महिन्यांत, दरमहा २,००० रुपये मुद्दल फेडून परत करायचे आहे आणि व्याज दरमहा २ टक्के आहे असे धरू. व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवर लावले तर दरमहा ४०० प्रमाणे एकूण ४,००० रुपये होते. तेच उरलेल्या मुद्दलावर लावले तर पहिल्या महिन्यात ४००, दुसऱ्यात ३६०, असे कमी होत शेवटच्या महिन्यात ४० रुपये, आणि एकूण २,२०० रुपये होते. दर तोच, मुदत तीच, आणि फरक १,८०० रुपयांचा. हे फळ्यावर लिहून थांबू नये. बिया किंवा खडे मांडून दर महिन्याला मुद्दलातील खडे उचलून दाखवले की फरक कायमचा लक्षात राहतो.

येथे कायद्याची दोन-तीन कलमे सांगणे आवश्यक आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार सावकारीसाठी परवाना लागतो, आणि परवानाधारक सावकाराने हिशेब ठेवणे व पावती देणे बंधनकारक आहे. बेकायदा सावकारीची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करता येते. लघुवित्त कर्जांबाबत रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये निर्देश दिले. कर्जदाराला समजेल अशा भाषेत कर्जपत्रिका दिली पाहिजे, व्याजदर व इतर आकार त्याला आधी स्पष्ट सांगितले पाहिजेत, आणि घरातील सर्व कर्जांचे मिळून मासिक हप्ते त्या घराच्या मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाता कामा नयेत. प्रत्येकीने आपली कर्जपत्रिका घेऊन यावी आणि त्यातील दर, मुदत, हप्ता व विम्याची रक्कम शोधून अधोरेखित करावी, हा एका संपूर्ण बैठकीचा पाठ होतो. विम्याची रक्कम कर्जातूनच कापली गेली आहे हे अनेकींना त्या दिवशी प्रथमच कळते.

पायरी सहावी : बचत गटाचे दप्तर सर्वांना उघडे करा

बचत गटांच्या पंचसूत्रीत नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि लेखे अद्ययावत ठेवणे यांचा समावेश आहे. यांतील पाचवे सूत्र बहुतेक गटांत एकटीच्या हाती असते. जी जास्त शिकलेली, ती सचिव; आणि जी शिकलेली, ती बऱ्याचदा गावातील वरच्या समजल्या जाणाऱ्या घरातली. गटाबाहेरच्या सत्तेविरुद्ध हिशेब शिकवताना गटाच्या आत नवी सत्ता उभी राहते आहे का, हे पाहणे शिकवणाऱ्याचे कर्तव्य आहे, आणि माझ्या मते नव्या कार्यकर्त्यांकडून सर्वाधिक दुर्लक्ष येथेच होते, कारण नीटनेटके दप्तर पाहून त्यांचे समाधान होते.

उपाय सोपे आहेत. बैठकीच्या शेवटी आजची जमा, आजचे वाटप आणि पेटीतील व बँकेतील शिल्लक हे तीन आकडे मोठ्याने वाचावेत आणि प्रत्येक सदस्येने ते आपल्या पासबुकावर लिहून घ्यावेत किंवा लिहवून घ्यावेत. रोकड वही लिहिण्याचे काम दर तिमाहीला दुसरीकडे द्यावे. नव्या लेखिकेच्या शेजारी जुनी बसेल. वर्षातून एकदा कर्ज खतावणी (प्रत्येकीच्या कर्जाची वही) उघडून कोणाला किती वेळा कर्ज मिळाले हे मोजावे. अध्यक्ष-सचिवांना चार वेळा आणि दलित वस्तीतील सदस्यांना एकदाही नाही असे दिसले, तर तो हिशेबाचाच प्रश्न आहे आणि त्याची चर्चा हिशेबाच्याच बैठकीत व्हावी.

पायरी सातवी : सार्वजनिक पैशाकडे वळा

घरचा आणि गटाचा हिशेब लिहिणारी माणसे गावाचा हिशेब विचारू लागतात. तेव्हाच ही पायरी घ्यावी, त्याआधी नाही. याचा आदर्श राजस्थानातील मजदूर किसान शक्ती संघटनेने घालून दिला. १९९० मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे पहिली जनसुनवाई (लोकांपुढची जाहीर सुनावणी) घेतली. सरकारी कामांचे हजेरीपट आणि बिले गावकऱ्यांपुढे मोठ्याने वाचली गेली आणि ज्यांची नावे त्यांत होती त्यांनीच उभे राहून, आपण त्या कामावर गेलो होतो की नाही हे सांगितले. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा त्याच चळवळीतून आली. १९९६ मध्ये ब्यावर येथे चाळीस दिवसांचे धरणे झाले आणि या मागणीतून देशव्यापी माहितीच्या अधिकाराच्या चळवळीला बळ मिळाले. शिकवण्याच्या दृष्टीने यातील मोलाची गोष्ट अशी की लेखापरीक्षणासाठी तेथे तज्ज्ञ लागला नाही. हजेरीपटाची खरी परीक्षा ज्याच्या नावे हजेरी लागली आहे तोच करू शकतो.

महाराष्ट्रातील ग्रामपंचायतीचे लेखे ठरलेल्या नमुन्यांत ठेवले जातात. सुरुवातीला सगळे नमुने शिकवू नयेत. नमुना ५ ही रोकड वही, नमुना ८ ही कर आकारणीची नोंदवही आणि नमुना ९ ही कर मागणीची नोंदवही; या तीन ओळखता आल्या की पुढचे वाट सापडल्यासारखे सोपे होते. ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर वित्त आयोगाच्या निधीतून झालेला खर्चही पाहता येतो.

सामाजिक न्यायाच्या दृष्टीने वर्गाने पहिला प्रश्न राखीव खर्चाचा विचारावा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणे अपेक्षित आहे. उत्पन्न ८,००,००० रुपये असेल तर या रकमा अनुक्रमे १,२०,०००, ८०,००० आणि ४०,००० रुपये होतात. अंदाजपत्रकात हे आकडे बहुधा बरोबरच असतात. म्हणून तेथे थांबू नये. रोकड वहीत प्रत्यक्ष खर्च किती पडला आणि तो कशावर पडला हे पाहावे. मागासवर्गीयांसाठीच्या रकमेतून सगळ्या गावाच्या रस्त्यावरचे दिवे लावले असतील, तर दलित वस्तीतील खांबावर त्यांपैकी किती आहेत हे वर्गाने चालत जाऊन मोजावे.

माहिती सहज मिळाली नाही तर माहितीच्या अधिकारातून अर्ज करावा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावता येतो, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला पुरावा जोडल्यास शुल्क लागत नाही, आणि ३० दिवसांत उत्तर न आल्यास प्रथम अपील करता येते. ‘सर्व कामांची माहिती द्यावी’ असे लिहू नये. कामाचे नाव, आर्थिक वर्ष आणि हवा असलेला कागद, उदाहरणार्थ रोकड वहीची अमुक महिन्याची पाने, एवढे नेमके लिहिलेला अर्ज टाळणे कठीण जाते. अर्ज वस्तीतील एकट्या व्यक्तीच्या नावे न करता वेगवेगळ्या विषयांवर वेगवेगळ्या व्यक्तींनी करावेत, म्हणजे रोष एकाच घरावर येत नाही.

पायरी आठवी : फरक सापडल्यावर काय करायचे ते आधीच ठरवा

हिशेब विचारणाऱ्या कामगाराला पुढच्या हंगामात काम न मिळण्याचा धोका असतो, आणि तो धोका शिकवणाऱ्याला नसतो. ही असमानता कधीही विसरू नये. कोणता फरक उपस्थित करायचा, केव्हा आणि कोणी, हे ज्याचा हिशेब आहे त्यानेच ठरवायचे. आपण त्याला परिणामांची पूर्ण कल्पना द्यायची. टोळीने एकत्र जाऊन विचारणे एकट्याने विचारण्यापेक्षा नेहमीच सुरक्षित असते. पहिली मागणी पैशांची नसावी. ‘तुमची वही आणि आमची वही एकदा शेजारी ठेवू’ एवढीच असावी. बरेच फरक या बैठकीतच मिटतात. त्यांपैकी काही कामगाराच्याच नोंदीतील चुकांमुळे निघतात, आणि त्या प्रामाणिकपणे मान्य कराव्यात. त्यामुळे कामगाराच्या वहीचा दर्जा वाढतो.

बाकी राहिलेल्या रकमेच्या कारणाने कोणाला अडकवून ठेवले असेल, दुसरीकडे कामाला जाऊ दिले जात नसेल किंवा मुलाबाळांना तारण ठेवल्यासारखे वागवले जात असेल, तर ते प्रकरण हिशेबाच्या पलीकडचे आहे. वेठबिगार पद्धती (उच्चाटन) अधिनियम, १९७६ त्यासाठीच आहे, आणि ते कर्ज वेठबिगारीचे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या कायद्याने कर्ज देणाऱ्यावर टाकली आहे. अशा वेळी जिल्हाधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे लेखी तक्रार द्यावी आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि वेठबिगारीचे बळी यांना तेथे मोफत कायदेशीर मदत मिळते. कामगाराची खिशातली वही तेव्हा पुराव्याच्या कामी येते, म्हणून तीत मागाहून खाडाखोड करू नये, चूक झाल्यास एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहावा, आणि पाने कधीही फाडू नयेत, हे पहिल्या आठवड्यापासून शिकवलेले असावे.

मूळ वही नेहमी कामगाराकडेच राहिली पाहिजे. संस्थेच्या अहवालासाठी किंवा अभ्यासासाठी ती गोळा करून नेण्याचा मोह होतो. लोकांची नोंद पुन्हा दुसऱ्याच्या कपाटात नेण्याचा तो प्रकार होईल. गरज असल्यास परवानगीने फोटो घ्यावा आणि नावे झाकावीत.

महाविद्यालयातील शिक्षकांसाठी

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना या कामात आणायचे असेल तर आधी त्यांना वर्गातच एक स्वाध्याय द्यावा : पाठ्यपुस्तकातील कोणत्याही उत्पादन संस्थेचे नफा-तोटा पत्रक घ्या आणि त्यातील मजुरीची नोंद ज्या मजुराची आहे त्याचे वर्षाचे जमाखर्च पत्रक तयार करा. मजुराचा प्रवास, औषधपाणी, मुलांच्या शाळेत पडलेला खंड, यांपैकी काय मालकाच्या पत्रकात दिसते आणि काय दिसत नाही, यावर चर्चा घ्यावी. ग्रामीण महाविद्यालयांत असे अनेक विद्यार्थी असतात ज्यांचे आईवडील स्वतः तोडीला जातात. त्यांना आपल्या घरचा हिशेब सर्वांपुढे मांडायला कधीही सांगू नये; मात्र ज्यांना स्वतःहून मांडायचा असेल त्यांना अवश्य वेळ द्यावा. वस्तीवर जाण्यापूर्वी विद्यार्थ्यांना शांत बसून ऐकण्याचा सराव हवा, कारण दुहेरी नोंद येणारा मुलगा पहिल्या पाच मिनिटांत लोकांच्या चुका काढू लागतो.

वर्षाचे वेळापत्रक

ऊसतोड भागात काम करणार असाल तर एप्रिल-मेमध्ये, हिशेब नुकतेच झालेले असताना, वह्या शोधण्याची पहिली पायरी घ्या. लोकांना बाकी राहिलेल्या रकमेचे आकडे तेव्हा ताजे आठवतात. जून ते ऑगस्ट या काळात तिसरी, चौथी आणि पाचवी पायरी पूर्ण करा, आणि उचल घेताना रक्कम, तारीख, ठरलेला दर व खाड्याची अट स्वतःच्या वहीत लिहून त्यावर मुकादमाची सही घेण्याचा आग्रह धरायला शिकवा. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला वर्गातील लोकांनी नुसते हजर राहून अंदाजपत्रक ऐकावे, प्रश्न २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत, टोळ्या निघण्यापूर्वी विचारावेत. हंगामात महिन्यातून एकदा कोपीवर जाऊन वह्यांचे वाचन ऐका. बचत गटाचे काम गावात मागे राहिलेल्या वृद्ध स्त्रिया आणि विद्यार्थिनी यांच्याबरोबर हिवाळ्यात चालू ठेवता येते. पट्टा पडण्याच्या आधी दोन आठवडे प्रत्येक टोळीने आपली एकूण टनांची बेरीज करून ठेवावी, म्हणजे मुकादमाने बाकी सांगण्यापूर्वीच कामगारांच्या हाती त्यांचा आकडा असेल.